अमेरिकन हॉटेलात नेलेली कढई

कढई घेऊन हॉटेलात जेवायला गेलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात माझ्याखेरीज दुसरा नसेल, असं मी समजत होतो. ते खोटं निघालं. कसं, ते सांगतो. पण आधी त्या हॉटेलाचं सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथनंच सुरू झाली.

शिवाजी पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही कसबा बावड्यात फ्लॅट घेतला, त्याला आता पाच वर्षं झाली. साखर कारखान्याच्या रस्त्याला, जिथं ऊस उभा असायचा तिथं बिल्डिंगा उठल्या, त्यातली एक आमची. पेठेत दारात उभं राहिलं की दहा माणसं हटकायची. इथं लिफ्टमध्ये माणूस भेटला तरी मोबाईलकडं बघतो. मी चाळीस वर्षं लेथ मशीनवर काढली, रिटायर झालो आणि बावड्यात येऊन रिकामा बसलो. हाताला काम नसलं की माझा राग वाढतो. तो मुळातच नाकावर, त्यात ही भर. बायको म्हणायची, "भाईर जावा, कुठंबी फिरा, पर दिवसभर माझ्या डोक्यावर बसू नका."

असाच फिरताना कोपऱ्यावरच्या कॉम्प्लेक्समध्ये एक लाल-पांढरी पाटी दिसली. खाली इंग्रजीत लिहिलेलं, अमेरिकन जेवण. म्हटलं, नाद खुळा! गुऱ्हाळ होतं त्या जागेवर आता अमेरिका आली. आमच्याकडं हंगामात कारखान्याच्या मळीचा वास सुटतो, गॅलरीत वाळत टाकलेल्या धोतरावर काजळी पडते. अशा ठिकाणी अमेरिकेचा माणूस जेवणार काय, आणि बावड्याचा माणूस अमेरिकेचं खाणार काय, हे मला बघायचं होतं. मी आत शिरलो.

आत गाद्यांची लाल बाकडी. काउंटरपुढं गोल स्टुलं, जमिनीत बोल्ट मारून बसवलेली आणि गरगर फिरणारी. मी काही बसलो नाही. खाली वाकून आधी बेअरिंग बघितलं. एका स्टुलाचं बेअरिंग कुरकुरत होतं. भिंतीवर अमेरिकेच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी लावलेल्या, त्यातली एक बोटानं वाजवून बघितली. पत्रा इथलाच होता. कोपऱ्यात गाण्याची मोठी पेटी होती, तिचे दिवे लागत होते, पण गाणं येत होतं मालकाच्या मोबाईलमधनं. मालक तरुण, अकरा वर्षं तिकडं राहून परत आलेला. माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, काय शोधताय?"

"काय न्हाय. तुमची अमेरिका बघतोय. तेवढं त्या तिसऱ्या स्टुलाला ग्रीस घाला."

पुढच्या रविवारी बायकोला घेऊन गेलो. मेनूकार्ड एवढं मोठं की तिचं तोंडच दिसेना. वेटरनं विचारलं, पाव कुठला, चीज कुठलं, कांदा भाजलेला की कच्चा, सॉस कुठला. बायको घाबरली. "अवं, ह्यो परीक्षा घेतोय का जेवाय देतोय?" मी म्हटलं, तुला बरं वाटेल ते आण बाबा. बर्गर आला. वीतभर उंच, वर काडी खुपसलेली. एवढं तोंड उघडायचं कसं, हा प्रश्न होता. बायकोनं पदर तोंडापुढं धरून एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग तिनं त्याचे थर सुटे केले, पाव चपातीसारखा मोडला आणि आतलं कालवण असल्यासारखं लावून खाल्लं. मी तसंच केलं. आम्ही दोघंही हातानं खाणारी माणसं, पाची बोटं बुडाल्याशिवाय पोट भरलं असं वाटत नाही. पांढरा सॉस मनगटापर्यंत आला. कोंबडी बरी होती, पण अळणी.

"रस्सा न्हाय का ओ?" मी वेटरला विचारलं.

रस्सा नव्हता. पण कोल्ड्रिंक संपलं की तो पुन्हा ग्लास भरून द्यायचा, कितीदाही. हे मात्र मला पसंत पडलं. तांबडा-पांढरा परत परत वाढतात तसंच की हे! म्हणजे आग्रह त्यांच्यातही आहे, म्हटलं, फक्त मिळमिळीत आहे. वाढणारा तोंडानं काही म्हणत नाही, येतो आणि ओततो. आमच्याकडं वाढायची रीत वेगळी. पाहुणा नको म्हणाला तरी वाढायचं, पुन्हा नको म्हणाला तरी वाढायचं, ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतनं वाढायचं. पहिल्या 'नको'ला जो थांबला त्यानं पाहुण्याला उपाशी उठवलं, असं माझी आई म्हणायची.

मग मला सवयच लागली. आठवड्यातनं एकदा दुपारी जायचं, एक कोल्ड्रिंक घ्यायचं, चारदा भरून घ्यायचं आणि कोण काय खातंय ते बघत बसायचं. स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याशी माझी ओळख झाली. मुसलमान, माझ्याच वयाचा, पेठेच्या पलीकडच्या गल्लीतला. त्याच्या बापजाद्यांनी कोल्हापुरातली निम्मी लग्नं जेवू घातलेली. तरुणपणी तो फुटबॉलला आमच्या विरुद्धच्या तालमीच्या टीमच्या बाजूनं ओरडायचा, त्यामुळं आम्ही पहिल्या दिवशीच भांडलो आणि दुसऱ्या दिवसापासनं दोस्त झालो.

"असलं अळणी करताना हात थरथरत न्हाय का रं तुजा?" मी विचारायचो.

"थरथरतोय की. म्हणून तर मालक मिठाचा डबा लांब ठेवतोय."

असं सगळं बरं चाललं होतं. मग दिवाळीनंतर आमच्या लेकीनं बॉम्ब टाकला.

लेक आमची एकुलती एक, इंजिनियर, सत्तावीस वर्षांची. माझ्यासारखीच भांडकुदळ. तिनं सांगितलं, कॉलेजातला एक मुलगा आहे, लग्न करायचं तर त्याच्याशीच. मुलगा चांगला, नोकरी चांगली. पण घर लिंगायत, गडहिंग्लजच्या पुढं अगदी सीमेला लागून. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. वडील वारलेले. आई किराणा दुकान चालवते. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात कांदा-लसणापलीकडं काही वावगं शिजत नाही. आणि आम्ही मराठे. रविवारी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात पाऊल टाकलं तरी कुणाच्या घरी मटण आहे ते कळतं.

मी आधी ओरडलो. ओरडायचंच होतं, त्याशिवाय बाप असल्यासारखं वाटत नाही. पण लेक उलट बोलली नाही. नुसती म्हणाली, "त्याची आई नाही म्हणाली तर तो करणार नाही. आणि आईला दुखवून केलेलं लग्न मलापण नको." आणि खोलीत गेली. पुढं आठ-दहा दिवस ती माझ्याशी एकदाही भांडली नाही. चहा पुढं ठेवायची आणि निघून जायची. मला त्याची भीती वाटली. माझ्या पोरीचा आवाज घरात नाही म्हणजे काय! एका सकाळी मीच म्हटलं, "बोलाव त्यांना. बसू, बोलू."

आता बसायचं कुठं? आमच्या घरी ती बाई पाणी पिणार नाही. त्यांच्या घरी मुलीकडच्यांनी आधी जायचं म्हणजे मला कमीपणा. एखाद्या शुद्ध शाकाहारी खानावळीत बसू असं बायको म्हणाली, तर मी भडकलो. म्हणजे सुरुवातच आम्ही वाकून? आम्ही काय माणसं खातो काय? तेवढ्यात मुलाच्या आईचाच निरोप आला. ही दोघं जिथं भेटतात ती जागा मला बघायची आहे, तिथंच बसू.

"कुठं भेटता तुमी?" मी लेकीला विचारलं.

तिनं मान खाली घातली. "तिथंच. कोपऱ्यावर. अमेरिकन."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तिथं दुपारी बसून बोल्ट मोजत होतो आणि संध्याकाळी त्याच बाकड्यावर माझी लेक बसत होती. मालकाला माहीत, वेटरला माहीत, आचाऱ्याला माहीत. मी एकटा अमेरिका शोधत होतो.

निरोपाला एक शेपूट होतं. आई येईल, बसेल, बोलेल, पण खाणार-पिणार काही नाही. जिथं मांस शिजतं तिथं ती पाणीही घेत नाही. हे ऐकून बायको मटकन खाली बसली. आमच्या भागात सोयरिकीच्या बैठकीला आलेला पाहुणा पाणी न घेता उठला म्हणजे विषय संपला. तोंडानं कोणी नाही म्हणत नाही, पाणी घेत नाही एवढंच. घेतलं तर होकार. आता ही बाई रीत म्हणून पाणी घेणार नाही की लग्न नको म्हणून घेणार नाही, हे आम्हाला कळायचं कसं? मुलगा म्हणे, ते तिच्या मनात आहे. लेकीचा जीव टांगणीला लागला आणि माझाही.

मी ठरवलं, या बाईला तिथं काहीतरी खायला लावायचंच. मग पाण्याचं बघू. बैठकीला आठवडा होता. मी रोज हॉटेलात जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायला लागलो. बर्गरच्या पावाला चकाकी येते ती अंड्यानं. पांढऱ्या सॉसमध्ये अंडं. पॅनकेकमध्ये अंडं. अंडं कुठं कुठं लपून बसतं ते मला त्या आठवड्यात कळलं. शेवटी राहिल्या बटाट्याच्या काड्या, फ्राईज. नुसता बटाटा, मीठ आणि तेल. मला हायसं वाटलं.

"त्याल कुठलं?" मी आचाऱ्याला विचारलं.

त्यानं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "खोटं कशाला बोलू पावणं? त्याल एकच हाय. कोंबडी बी त्यातच, बटाटं बी त्यातच."

मी तसाच उठलो आणि भांड्याच्या दुकानात गेलो. लोखंडी कढई घेतली, नवीन झारा घेतला, घाण्याचं शेंगदाणा तेल घेतलं. शनिवारी दुपारी कढई पिशवीत घालून निघालो तेव्हा बायको दारात आडवी आली. "डोकं फिरलंय काय तुमचं? हाटेलात कोण आपली कढई घिऊन जातंय?"

"मी जातोय," म्हटलं.

आचाऱ्यानं पिशवीत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागला. त्याला हसू आवरेना. डोळ्यांतनं पाणी आलं.

"हसाय काय झालं?" माझा पारा चढला.

"काय न्हाय, काय न्हाय. ठेवतो की. तुमच्या लेकीसाठी काय बी." त्यानं खालची फळी मोकळी केली. तिथं पिवळ्या कापडात काहीतरी बांधून ठेवलेलं होतं, ते त्यानं जरा सरकवलं आणि शेजारी माझी कढई ठेवली. मी बजावलं, हे कुणाला सांगायचं नाही, मालकाला सोडून. तो पुन्हा हसला.

रविवारी दुपारी एक वाजता आम्ही तिघं जाऊन बसलो. लेकीनं साडी नेसली होती आणि ती पाचदा सारखी केली होती. बरोबर सव्वाला मुलगा आणि त्याची आई आली. बाई ठेंगणी, ताठ, नऊवारी नव्हे पण काठापदराची जाड साडी, आणि नजर दुकानदाराची, एका फेरीत सगळं मोजणारी. बसण्याआधी तिनं सगळ्या भिंती बघून घेतल्या. नंबरप्लेटीपुढं थांबली, तिनंही बोटानं पत्रा वाजवला. मला ती बाई तिथंच आवडली. पण आवडून उपयोग काय?

बसल्यावर तिनं पिशवीतनं स्टीलचं एक लहान फुलपात्र काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. पाणी प्यायचं असलं तर ती त्यातनंच पिणार. पालथं ठेवलंय म्हणजे प्यायचं नाही. बायकोनं ते बघितलं, लेकीनं बघितलं, मी बघितलं. पुढचा सगळा वेळ आमची नजर त्या फुलपात्रावरच होती.

वेटर आला. मी मोठ्या समजूतदारपणानं म्हणालो, "आज सगळ्यांना शाकाहारीच."

"कशाला?" बाई म्हणाली. "तुमी रोज खाता तेच खावा की. आज माझ्यापुढं झाकलं आणि उद्या लेकीला माझ्या घरात झाकत वागाय लावलं, तर ते मला न्हाय चालायचं. मी बघाय आलोय. बघू दे की मला."

बाईमाणूस 'आलोय' म्हणते ते ऐकून बायको माझ्याकडं बघायला लागली, पण त्यांच्या सीमाभागात बायका असंच बोलतात. मी कोंबडीचा बर्गर मागवला. मुलानं चीज सँडविच मागवलं. आणि मी वेटरला डोळ्यांनी खूण केली.

बटाट्याच्या काड्या आल्या, वेगळ्या नव्या ताटलीत. मी ताटली बाईपुढं ठेवली. "अक्का, हे घ्या. ह्याला दुसरं काय लागलेलं न्हाय. नवी कढई, नवं त्याल, नवा झारा."

"नवी कढई?" तिनं चमकून विचारलं. "तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगणार कोण? मीच आणली घरनं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग मुलाकडं बघितलं, मुलगा छताकडं बघायला लागला. मला वाटलं, बाई मला येडा समजली. पण तिनं एक काडी उचलली, बोटांत फिरवून बघितली, गळ्यातल्या लिंगाला हात लावून डोळे क्षणभर मिटले आणि खाल्ली. मग दुसरी. मग म्हणाली, "मीठ कमी हाय."

आम्ही सगळे एकदम हसलो. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बोलणं सुरू झालं. तिनं मला लेथबद्दल विचारलं, मी तिला दुकानाबद्दल विचारलं. तिनं विचारलं, स्टुलं कशी फिरतात? मी बेअरिंग समजावून सांगितलं. तिनं विचारलं, अमेरिकेत लोक रोज असंच खातात तर त्यांच्या बायका दिवसभर करतात काय? बायको म्हणाली, मलाबी ह्योच प्रश्न पडला होता. लेक किती दिवसांनी मोकळी हसत होती. मी बर्गरचे थर सुटे करून पाची बोटांनी खात होतो आणि मनात म्हणत होतो, जमलं, जमलं.

जमलं, आणि माझा हात सुटला.

बाईच्या ताटलीत पाच-सहा काड्या उरल्या होत्या. मधे मोठ्या बशीत अजून ढीग होता. तिनं ताटलीवर आडवा हात धरला आणि म्हणाली, "साकू." मुलानं सांगितलं, साकू म्हणजे कानडीत पुरे. पण पुरे म्हटल्यावर थांबणारा मी कोण! चाळीस पंगतींत वाढलेला माणूस. "असं कसं अक्का, घ्या की, लाजताय काय," म्हणत मी बशीतनं मूठभर काड्या उचलल्या आणि तिच्या हाताच्या फटीतनं ताटलीत सोडल्या.

"अवं, हात!" बायको ओरडली.

मी हात बघितला. कोंबडीचा पांढरा सॉस. पाची बोटांना. तिच्या ताटलीत, काड्यांवर, तिच्या करंगळीवरही एक थेंब.

कढई नवी आणली, तेल नवं आणलं, झारा नवा आणला, आणि हात तोच, खरकटा. बाईनं करंगळीकडं बघितलं. ताटली दोन बोटांनी हळूच बाजूला सरकवली आणि रुमाल काढून करंगळी पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसत राहिली. मुलगा म्हणाला, "अव्वा..." तिनं हातानंच त्याला थांबवलं. फुलपात्र पालथंच होतं. मी लेकीकडं बघितलं. ती रडत नव्हती. नुसती मान खाली घालून मेनूकार्डाचा कोपरा दुमडत होती, लहानपणी मार्क कमी पडले की प्रगतिपुस्तकाचा दुमडायची तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर रागावून जे बिघडलं नाही ते मी लाडानं बिघडवलं.

मी उठलो आणि थेट स्वयंपाकघरात गेलो. आचाऱ्याला म्हटलं, "परत तळ. सगळं फेकून दे आणि परत तळ."

"तळतो की. कुठल्या कढईत तळू?"

"कुठल्या म्हंजे? मी आणलेल्या!"

तो बाजूला झाला. शेगडीवर दोन कढया होत्या. एक माझी. दुसरी पितळेची, कल्हई केलेली, काठावर कानडीत नाव कोरलेलं. पिवळं कापड शेजारी घडी करून ठेवलेलं.

"ही कुणाची?"

"अक्कांची. मुलगा घिऊन आलता त्यांना, बेस्तरवारी, मागल्या दारानं. तुमच्या आधी दोन दिवस. म्हणाल्या, माझ्याच कढईत तळायचं आणि कुणाला सांगायचं न्हाय. शपथ घातली. मग तुमी आला, तुमी बी म्हणाला सांगायचं न्हाय. मी काय करणार? निम्मं त्यांच्यात तळलं, निम्मं तुमच्यात. म्हटलं, भांडण नको."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. ही बाई. गडहिंग्लजच्या पुढनं, एसटीत कढई मांडीवर घेऊन. खाणार नाही, पिणार नाही असा निरोप धाडून वर स्वतःच येऊन खायची सोय करून गेली होती. म्हणजे तिलाही हे जमायला हवं होतं. आम्ही आठवडाभर जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि तीही बसली होती.

"तिच्यातच तळ," मी म्हटलं. "सगळं तिच्यातच."

तो तळत होता तोवर मी नळाखाली हात धुतले. साबणानं, कोपरापर्यंत, दोनदा, नखांतनंसुद्धा. लेथवरनं घरी यायचो तेव्हा असे धुवायचो. मग ताटली दोन्ही हातांनी धरून बाहेर आणली आणि तिच्यापुढं ठेवली.

"अक्का, चुकलं माझं," मी म्हणालो. "सगळं नवं आणलं, हात तेवढा जुना राहिला." आणि बसलो ते दोन्ही हात मांडीखाली घालून.

बाईनं ताटलीकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझ्या तोंडावरनंच तिला कळलं असावं की मी ती कढई बघितलीय. ती जराशी लाजली. साठीची बाई लाजलेली मी पहिल्यांदाच बघितली.

"कल्हई नुकतीच लावून घेतलीया न्हवं," ती म्हणाली, "त्यात चांगलं तळतं."

"व्हय, अक्का. लई भारी तळतं."

बायको आणि लेक एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना काहीच कळेना. मुलगा मात्र हसू दाबत होता. बाईनं एक काडी खाल्ली, दुसरी खाल्ली. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं मूठभर काड्या उचलल्या, टेबलावरनं हात लांब केला आणि माझ्या ताटात सोडल्या. माझ्या ताटात कोंबडी होती. तिनं हात वरच धरला, कुठं लागू दिला नाही, पण सोडल्या.

"साकू, अक्का, साकू," मी म्हणालो.

"एकदा साकू म्हटल्यावर कुणी थांबतंय व्हय, पावणं?" ती म्हणाली आणि आणखी एक मूठ सोडली.

माझे हात मांडीखालीच होते. ते काढायचं भान राहिलं नाही, कारण तेवढ्यात तिनं ते फुलपात्र उचललं, पदरानं आतनं पुसलं, सुलटं करून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "बसलाय काय नुसतं? पाणी ओता की."